चुकीला दिशा असते तेव्हा

निकाल अनपेक्षित लागला की हरलेला यंत्राकडे बोट दाखवतो आणि जिंकलेला जनतेच्या कौलाकडे. या दोघांच्या मधली एक शक्यता मात्र सहसा चर्चेत येत नाही. मतं चोख मोजली गेली, कुणी लबाडी केली नाही, तरीही मतदाराच्या मनात होतं ते मतपत्रिकेवर उतरलं नाही, असंही होऊ शकतं.

२००० साली जॉर्ज बुश यांनी फ्लोरिडा राज्य अवघ्या ५३७ मतांनी जिंकलं आणि त्यावरच अमेरिकेचं अध्यक्षपद ठरलं. त्याच राज्यातल्या पाम बीच काउंटीत निवडणूक अधिकारी थेरेसा लेपोर यांच्यापुढे साधी अडचण होती. अध्यक्षपदाचे उमेदवार दहा आणि मतदारांत वयस्कर मंडळी पुष्कळ. अक्षर मोठं ठेवता यावं म्हणून त्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि टोचायची छिद्रं मधल्या एकाच रांगेत घेतली. डाव्या पानावर बुश पहिले, अल गोर दुसरे. पण रांगेतलं दुसरं छिद्र होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. लेपोर स्वतः गोर यांच्याच पक्षाच्या, त्यामुळे कटाचा संशय घ्यायलाही जागा नाही.

गोर यांच्या या बालेकिल्ल्यात कडव्या उजव्या विचारांच्या ब्यूकॅनन यांना सुमारे ३,४०० मतं पडली. यातली बरीच आपली नसावीत, हे त्यांनी स्वतःच दूरचित्रवाणीवर मान्य केलं. एकाहून अधिक छिद्रं पाडल्यामुळे १९ हजारांहून जास्त मतं बाद झाली आणि त्यांतल्या पाच हजारांहून अधिक पत्रिकांवर गोर आणि ब्यूकॅनन या दोघांची छिद्रं होती.

साधा कागद वाचता येत नसेल तर दोष मतदाराचाच, अशी टिंगल तेव्हा झाली. पण निष्काळजीपणाला पक्ष नसतो. त्यातून होणाऱ्या चुका सगळ्यांच्या वाट्याला थोड्याथोड्या येतात. इथे त्या एकाच बाजूला कलल्या होत्या. त्याच काउंटीत टपालाने मत देणाऱ्यांना साधी पत्रिका मिळाली होती. त्यांच्यात हजारामागे दोघांच्या आसपास लोकांनी ब्यूकॅनन निवडले. मतदान केंद्रावर हेच प्रमाण आठाच्या वर गेलं. गोर यांची दोन हजारांहून जास्त मतं अशी भरकटली, असा अंदाज राज्यशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडला. ५३७ शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

आपल्याकडे छिद्रं नाहीत, पण नावं आणि चिन्हं आहेत. २०१४ साली रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले; त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली. पुढच्याच वर्षी आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचं छायाचित्र आणलं. नामसाधर्म्यावर हा उपाय खरा, पण आपला मतदार बटण शोधतो ते चिन्हावरून. २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसतं वाद्य ही दोन चिन्हं एकाच यंत्रावर आली. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि नुसत्या वाद्याच्या उमेदवाराला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत आडनावही तेच असलेल्या अशाच एका उमेदवाराने लाखाचा टप्पा ओलांडला. भास्कर भगरे यांचं मताधिक्य मोठं होतं म्हणून ते तरले.

यातलं प्रत्येक मत चुकून पडलं, असं म्हणता येणार नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. मतदान गुप्त असल्यामुळे कुणाला विचारायची सोय नाही. न्यायालय मतं पुन्हा मोजू शकतं, मतदाराचं मन पुन्हा वाचू शकत नाही. आकड्यांच्या राशीत चूक दिसते, पण एकही मत परत फिरवता येत नाही. म्हणून ही दुरुस्ती व्हायची तर मतदानाआधीच व्हायला हवी.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हे भान आपल्याला होतं. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह, अशी ती रचना होती. पुढे आपण नुकसान झाल्यावर जागे होत गेलो. १९९६ मध्ये बेळगावला ४५६ आणि तामिळनाडूतल्या मोडकुरिचीत हजाराहून अधिक उमेदवार उभे राहिले, तेव्हा उपाय निघाला तो लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १० हजारांवर नेण्याचा. उमेदवारी महागली; पत्रिका वाचायला सोपी करण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. २०२५ मध्ये रंगीत छायाचित्रं आणि ठळक क्रमांक आले, हे स्वागतार्ह. पण ते मतदाराला खरंच कळतात का, याची चाचणी कोण घेणार?

ती अवघड नाही. उमेदवार ठरले की पत्रिकेचा नमुना काहीशे सामान्य मतदारांपुढे ठेवावा, ‘अमुक उमेदवाराचं बटण दाबा’ असं सांगावं आणि चुका कुठे जातात ते मोजून जाहीर करावं. त्या चौफेर विखुरल्या तर पत्रिका ठीक. एकाच उमेदवाराकडे वळू लागल्या तर ती बदलावी. मतमोजणीच्या टेबलाशी प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बसतो. तेवढीच दक्षता पत्रिका छापण्याआधी दाखवली, तर निकालानंतरचे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत, आणि उरलेल्या निम्म्यांत हरलेल्यालाही आपण खरोखर हरलो हे मान्य करावं लागेल.