कार्ड खिशात घाल आधी

कार्ड खिशात घाल आधी. पेढे नंतर बघू. 'महारेरा मान्यताप्राप्त. जव्हार-मोखाड्यात जागा घेणे-देणे. सातबारा क्लिअर' असं छापून गावभर वाटत सुटलायस, आणि वर गुरुजींनी पाठ थोपटावी ही अपेक्षा. बस खाली. माझं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

एजंटाची परीक्षा पास झालास, ते चांगलं झालं. २० तासांचं प्रशिक्षण, मग पेपर, मग १० हजार रुपये फी, तेव्हा कुठे पाच वर्षांसाठी नंबर मिळतो. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये हा नियम काढला, २० मे २०२३ ला पहिली परीक्षा घेतली आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय एजंटाला उभं करायचं नाही असं ठरवलं. व्हायलाच हवं होतं. शिक्षकाला डी.एड. लागतं, एसटीच्या कंडक्टरला बिल्ला लागतो, आणि लोकांची जन्माची कमाई ज्याच्या शब्दावर इकडून तिकडे जाते त्या दलालाला इतकी वर्षं काही म्हणजे काही लागत नव्हतं. टपरीवर चहा पीत दोन टक्के खिशात घालणाऱ्याला कायद्यात नाव मिळालं ते २०१६ च्या रेरा कायद्याने. दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, कमिशन घेऊन सौदा जुळवतो तो एजंट, अशी त्यात सरळ व्याख्या आहे.

पण तू तो कायदा पेपरापुरता वाचलास. शाळेतही तुझं तेच होतं. गाईड वाचायचं, धडा नाही.

कलम १० आठवतंय? नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं काहीही विकायला एजंटाने हात लावायचा नाही. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या. खोटं सांगून गिऱ्हाईक ओढायचं नाही. ज्या कागदांवर गिऱ्हाइकाचा हक्क आहे ते सगळे कागद त्याच्या हातात पडतील असं बघायचं. आता सांग, खोडाळ्याच्या रस्त्याला चुन्याच्या रेषा मारून ते 'मिनी महाबळेश्वर' कोणी मांडलं? दोन एकरांत वीस प्लॉट. दोन एकर म्हणजे किती चौरस मीटर? गणित मीच शिकवलंय तुला. आठ हजारांच्या वर. प्रकल्पाच्या नोंदणीतून सुटका आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला. मग तुझ्या त्या मालकाच्या बोर्डावर प्रकल्पाचा नंबर का नाही? क्यूआर कोड का नाही? बोर्डावर धबधब्याचा फोटो तेवढा आहे. तोही दाभोशाचा, आणि दाभोसा तुझ्या प्लॉटपासून कुठे आहे ते मला ठाऊक आहे. एजंटाला दंड किती ते तरी वाचलंस का? दिवसाला १० हजार, प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढत जाणारा.

आणि 'मान्यताप्राप्त' म्हणजे काय रे? महारेराने तुझी नोंद केली, बस. तू जी जमीन दाखवतोस तिच्याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. ती कोणाची, विकता येते का, तिच्यावर बोजा आहे का, यातलं काहीही तुझ्या नंबरात नाही.

बघ, तोंड उघडलंसच. 'गुरुजी, शेतजमिनीला रेरा लागतच नाही.' बरोबर. एका शेतकऱ्याचं शेत दुसऱ्याला विकून दिलंस तर रेराचा माणूस तुला विचारायला येणार नाही. मग शेतजमीन दाखवताना तेच कार्ड मुंबईच्या माणसापुढे कशाला नाचवतोस? जिथे रेरा लागतो तिथे म्हणायचं, ही तर शेती. जिथे लागत नाही तिथे म्हणायचं, मी रेराचा माणूस. याला धंदा म्हणत नाहीत. तुझ्या आजोबांना विचार याला काय म्हणतात.

शेतजमिनीचा कायदा वेगळा आहे, आणि आपल्याकडे तो रेरापेक्षा कडक आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्र. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ३६ आणि ३६अ. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, कोणत्याही वाटेने द्यायची तर आधी परवानगी. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची. त्यापलीकडे काहीही असेल तर कलेक्टर, आणि त्यालाही आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासीची जमीन हातची जाऊ नये हे बघण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. आणि तू? ५०० च्या स्टँपवर नव्याण्णव वर्षांचा करार, नोटरीचा शिक्का, वर कुलमुखत्यारपत्र. तेवढ्यावर 'झालं काम' म्हणून मोकळा होतोस. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून टाकलंय. तेव्हा तू कॉलेजात होतास.

वनपट्ट्याचं तर बोलूच नकोस. वनहक्क कायदा २००६ चा. पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्यावर नवरा-बायको दोघांचं नाव असतं. अशाच एका पट्ट्यावरच्या वरईच्या शेतात उभं राहून परवा तू पाहुण्यांना हात लांब करून 'इथपासून तिथपर्यंत' दाखवत होतास. मी रस्त्यावरून पाहिलं. त्या घरचे दोघेही वीटभट्टीवर गेलेत. त्यांना पत्ताच नाही.

आता खरी गोष्ट. तिच्यासाठीच तुला बोलावलंय. पाड्यावरच्या म्हातारीची तीन एकर तू स्वतःच्या नावावर घेतोयस. तू आदिवासी, ती आदिवासी, म्हणजे ३६अ ची परवानगी नको, असा हिशेब. खरेदीखत तुझ्या नावाने, पैसे कांदिवलीच्या माणसाचे, आणि त्याच्या खिशात तुझ्या सहीचा वेगळा कागद. मोठी हुशारी केली असं वाटतंय तुला. याला बेनामी म्हणतात. १९८८ चा कायदा, २०१६ मध्ये दुरुस्त करून कडक केलेला. ज्याचं नाव तो, ज्याचे पैसे तो आणि ज्याने हे जुळवलं तो, असे तिघेही त्यात येतात. एक ते सात वर्षं सक्तमजुरी, बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, जमीन सरकारजमा. यातल्या दोन जागांवर तू एकटाच बसलायस.

जमीन तुमच्याच लोकांच्या हातात राहावी म्हणून केलेलं ३६अ कलम कोणी सहज बसून लिहिलेलं नाही. खावटीसाठी काढलेल्या चार पायली नागलीच्या बदल्यात शेतं गेली, अंगठे उठले, आणि मालक होते ते आपल्याच बांधावर वेठीला लागले. तलासरी-डहाणूकडे १९४५ मध्ये वारली उठले ते वेठीविरुद्धच. पुढे १९७४ चा कायदा आला की १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत द्यायच्या. जमीनदार कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये कायदा उचलून धरला. आणि हे सगळं पोखरायला आता बाहेरचा सावकार लागत नाही. आपल्याच शाळेत शिकलेला, जातीचा दाखला असलेला पोरगा मिळाला की पुरे.

'बाजारभाव चढलाय, तिलाही चार पैसे मिळतील.' हेच म्हणणार होतास ना? वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाल्यापासून प्रत्येक दलालाच्या तोंडी हेच आहे. भाव चढणार असेल तर तो तिच्या नातवाला मिळू दे. तिला घाई नाही. घाई तुझ्या कमिशनला आहे.

धंदा करू नकोस असं मी म्हणत नाही. जव्हार शहरात बिगरआदिवासींची घरं आहेत, दुकानं आहेत, रीतसर एनए झालेल्या जागा आहेत. ते सौदे कर. नंबर आहेच. पण गिऱ्हाइकाला सातबारा दाखवताना मोबाइलवर वरचं नाव तेवढं दाखवू नकोस. 'भोगवटादार वर्ग' दाखव, 'इतर अधिकार' वाचून दाखव, मागचे फेरफार काढ. शेतजमीन असेल तर तो स्वतः शेतकरी आहे का ते पहिल्या फोनला विचार, कारण नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. हे विचारल्यावर निम्मी गिऱ्हाइकं पळतील. पळू देत.

आता कामं सांगतो, वहीत लिही. तो बोर्ड आज काढायचा. उरलेली कार्डं इथे माझ्या टेबलावर आणून द्यायची. म्हातारीच्या खरेदीखताची तारीख रद्द करायची, आणि तिच्याकडून जे कोरे अंगठे घेतलेस ते कागद तिच्या मुलीसमोर तिच्या हातात द्यायचे. कांदिवलीच्या माणसाचा इसार चेकने परत जाईल, रोखीने नाही, आणि पावती मला दाखवायची.

काढ फोन. त्याला लाव, माझ्यासमोर. स्पीकरवर.