मोजलेला वसंत

हिब्रूत वसंताला ‘अवीव’ म्हणतात. तेल अवीव शहराच्या नावातला हा शब्द आपल्या कानांवरून गेलेला असतो. पण तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, अवीव हे ऋतूचं नाव नव्हतं, ती पिकाची एक अवस्था होती. निर्गमाच्या नवव्या अध्यायात मिसर देशात गारपीट होते. तीत जव बुडतो, गहू वाचतो; कारण जव तेव्हा ‘अवीव’ झालेला, ओंबीवर आलेला असतो आणि गहू मागास असतो. लेवीयात विस्तवावर भाजलेला अवीव देवाला वाहायला सांगितलं आहे. हुरडा खाल्लेल्या मराठी माणसाला याहून जास्त समजावायला नको.

म्हणजे ज्यू परंपरेतला वसंत फुलांपासून सुरूच होत नाही. तो दाणा भरण्यापासून सुरू होतो आणि कापणीकडे जातो. मिसरातल्या गुलामीतून ज्यूंची सुटका झाली ती अवीवच्या महिन्यात, म्हणून पेसाह, म्हणजे वल्हांडण, त्याच महिन्यात पाळायचा. पण महिने चंद्राचे, त्यामुळे वर्ष दर खेपेला सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतं. तसंच चालू दिलं असतं तर सण सरकत सरकत हिवाळ्यात गेला असता. आपल्या अधिक मासासारखाच तोडगा त्यांनीही काढला : अदार महिना दोनदा. तो केव्हा धरायचा, याच्या तीन खुणा तालमूदमध्ये, म्हणजे धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, नोंदल्या आहेत : जव, झाडांची फळं आणि संपात. धर्मपंडित रब्बान गमलिएल दूरच्या ज्यूंना पत्र धाडून कळवतात, की कोकरं अजून कोवळी आहेत, पारव्यांची पिल्लं लहान आहेत, जव भरलेला नाही. तेव्हा यंदा तीस दिवस वाढवले आहेत. धर्माचा वसंत शेतात जाऊन, ओंबी हातात घेऊन ठरत होता. मला हे पत्र पुढच्या पुष्कळ प्रवचनांपेक्षा जास्त धार्मिक वाटतं.

पेसाहच्या दुसऱ्या दिवशी नव्या जवाचं एक माप, ‘ओमेर’, मंदिरात वाहायचं आणि तिथून एकोणपन्नास दिवस मोजायचे. पन्नासाव्या दिवशी शावुओत, गव्हाचा सण. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. ओमेर वाहायला जागाच उरली नाही. रीतीने मोजणीही तिथेच संपायला हवी होती. ती संपली नाही. पुढे बॅबिलोनमध्ये, स्पेनमध्ये, ऱ्हाइनच्या काठी, ज्यांचा जवाच्या शेताशी काही संबंध नव्हता असे लोकही रोज रात्री दिवस मोजत राहिले. माझ्या मते सगळी गोष्ट या वळणावर बदलली. शेत गेलं, आकडा राहिला. आणि त्या रिकाम्या आकड्यात काय भरायचं, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे आला.

एक उत्तर आंबवणात सापडलं. पेसाहला घरात खमीर ठेवायचं नाही, हा मूळचा नियम. तालमूदमधले रब्बी अलेक्झांद्री आपल्या प्रार्थनेत ‘कणकेतलं खमीर’ म्हणतात ते माणसाच्या आतल्या ओढीला, जी त्याला चांगलं वागू देत नाही. पीठ फुगतं तसा माणूस फुगतो, हा अर्थ पुढे हसिदी गुरूंनी फार घोळवला. घर झाडता झाडता मन झाडण्याची कल्पना आली ती याच वाटेने.

सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्सफात गावी गूढवादी गुरू आयझॅक लुरिया राहायला आले. १५७२ मध्ये ते वारले तेव्हा चाळिशीही पुरती झाली नव्हती. त्यांच्या परंपरेत मोजणीचा आराखडाच बसवला गेला. सात आठवड्यांना सात दैवी गुण : दया, निग्रह, मेळ, चिकाटी, नम्रता, पाया आणि राजेपण. आठवड्याच्या सात दिवसांनाही तेच सात. पहिला दिवस दयेतल्या दयेचा, दुसरा दयेतल्या निग्रहाचा. आपली दया कुठे थांबायला हवी, हे एका संध्याकाळी तपासायचं. आपल्या निग्रहात किती दया आहे, हे पुढच्या आठवड्यात. यात थोडा चोपडी लिहिणाऱ्या मुनीमाचा सूर आहे, हे कबूल. पण कवींचा वसंत आपसूक येतो आणि आपसूक जातो; हा वसंत रोज तोंडाने म्हणावा लागतो. एक अख्खा दिवस चुकला, तर मोजणी पुढे चालू ठेवायची. पण उरलेल्या रात्री मोजणीआधी म्हणायच्या आशीर्वादाविना. विसाव्या शतकात किब्बुत्झवाल्यांनी, म्हणजे सामूहिक शेतवस्त्यांतल्या ज्यूंनी, हे सगळं बाजूला ठेवून हग्गादात, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, पुन्हा शेत आणि वसंत आणला. त्यांना जव मिळाला. मुनीम मात्र त्यांनी कामावरून काढला.

या सगळ्यात माझं लक्ष एका तपशिलाकडे परत परत जातं. पेसाहला खमिराचा कणही चालत नाही. आणि पन्नासाव्या दिवशी मंदिरात वाहायच्या गव्हाच्या दोन भाकरी, मुद्दाम आंबवलेल्या. तोराचाच नियम आहे हा. म्हणजे जे बाहेर काढलं, तेच एकोणपन्नास दिवसांनी देवापुढे ठेवायचं.

कोकणातल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंकडे, शतकानुशतकं ना तालमूद होतं, ना लुरियांचा आराखडा. चैत्राच्या सुमाराला ते एक सण पाळत, ‘अनाशी ढाकायचा सण’. स्वयंपाकात वापरायच्या आंबट रसाचं मडकं, अनस, त्या दिवसांत झाकून ठेवायचं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मिसर, गुलामी, जव सारं विसरलेलं. नंतर बाहेरच्या ज्यूंशी संबंध आला, १८७४ मध्ये पुण्यात मराठी अर्थासह हग्गादा छापला गेला, आणि त्याच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. तोवर अलिबाग-पेणच्या घरांमधून पेसाह टिकला तो त्या मडक्यावरच्या झाकणावर. मडकं त्यांनी फोडलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं.