बंद दाराआडचा पश्चात्ताप



नगरहून पाथर्डीकडे जाताना डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. आपण तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. खरे तर ती सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान हा मुर्तझा निजामशहाचा वजीर. आपल्याच मातीतल्या या राजाची हकीकत आज आपण ध्यानात घेऊ या.

मुर्तझा १५६५ साली गादीवर आला. १५७४ साली त्याने वऱ्हाड जिंकले. या विजयात त्याचा वजीर चंगीझखान याचा वाटा मोठा होता. गोवळकोंड्याच्या वकिलाने वजिराला लाच देऊ केली, त्याने ती नाकारली. तेव्हा वकिलाने राजाचा लाडका साहिबखान याला वश केले. साहिबखान राजाच्या कानाला लागला, 'वजीर वऱ्हाडात स्वतंत्र होऊ पाहतो आहे.' राजाने उघड चौकशी केली नाही. हकिमाच्या हाती विष पाठवले. धन्याची आज्ञा म्हणून वजीर ते प्यायला. नगरच्या दरबारात राहिलेल्या फिरिश्ता या इतिहासकाराने हे लिहून ठेवले आहे.

पुढे सत्य कळले. राजाला अतोनात दुःख झाले. पण त्याने काय केले? तो दार लावून आत बसला, तो कित्येक वर्षे! राज्य मर्जीतल्या माणसांच्या हाती गेले आणि रयत भरडली गेली. सलाबतखानाने कारभार सावरला, तर त्यालाही राजाने कैदेत टाकले. पोटच्या मुलाचाही संशय आला, म्हणून त्याच्या निजायच्या खोलीला आग लावली. मुलगा वाचला. १५८८ साली त्याच मुलाने बापाला हमामखान्यात कोंडून, खाली जाळ घालून मारले. वर्षभरात मुलाचाही खून झाला. १६०० साली मुर्तझाची बहीण चांदबिबी हिलाही फितुरीच्या खोट्या अफवेवरून आपल्याच लोकांनी ठार केले आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. एका राजाच्या कानात शिरलेला संशय साऱ्या घराण्याला गिळून बसला.

दावीद राजानेही आपल्या एकनिष्ठ सैनिकाचा, उरीयाचा, कपटाने घात केला होता. त्याचे पाप लहान नव्हते. पण नाथान संदेष्टा समोर उभा राहिला तेव्हा दावीदाने दार लावले नाही. 'मी परमेश्वराचा अपराधी आहे' असे त्याने कबूल केले. त्याला शिक्षा भोगावी लागली, पण तो देवाकडे परतला आणि कामालाही लागला. दुःख दोघांनाही झाले होते. एकाचे दुःख अंधारात कुजले, दुसऱ्याचे उजेडात आले.

आपल्याकडे राज्य नाही, पण घर आहे, भाऊबंदकी आहे, बांध आहे. 'तुझा भाऊ सातबाऱ्यावरून तुझे नाव काढणार आहे' असे कोणीतरी कानात सांगते आणि आपण भावाला न विचारता बोलणे तोडतो. पुढे खरे कळते, मन खाते, तरीही आपण त्याच्या दारी जात नाही. लाज वाटते. यालाच आपण पश्चात्ताप समजतो. पण जो पश्चात्ताप उंबरा ओलांडत नाही, त्याने कोणाचे भले होते?

म्हणून या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. कोणाविषयी काही ऐकले, तर आधी त्यालाच विचारू या. आणि ज्याच्यावर अन्याय केला असेल, त्याच्या घरी स्वतः जाऊ या, मग प्रायश्चित्त संस्कारासाठी देवासमोर येऊ या. दार उघडण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.