घर घेताना कोणाची चौकशी करावी?

गावात घर विकत घेणारा मनुष्य प्रथम भिंती पाहतो, मग पाण्याची सोय पाहतो आणि शेवटी कागद पाहतो. कागद कशाकरिता पाहता, असे विचारल्यास तो म्हणतो, "उद्या कोणी दावा लावू नये म्हणून." हे कारण रास्त आहे, परंतु अपुरे आहे असे आम्हांस वाटते. जी माणसे सौद्याच्या बैठकीस हजर नसतात, त्यांचेही काही देणे ह्या चौकशीत असते.

एक उदाहरण घेऊ. ख्रिस्ती कुटुंबातील बाप मृत्युपत्र न करता वारला. मागे विधवा, दोन मुलगे व एक मुलगी राहिली. मुलगी दूरच्या तालुक्यात नांदते. मुलगे घर ९ लक्ष रुपयांस विकावयास निघाले. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे विधवेचा एक तृतीयांश, म्हणजे ३ लक्ष. उरलेल्या ६ लक्षांचे तिन्ही मुलांत सारखे वाटे, म्हणजे मुलीचे २ लक्ष होतात. शेजारच्या हिंदू घरातही २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. असे असून बैठकीत मुलीचे नाव सहसा निघत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा थोरल्याच्या नावचा असतो. तो पाहून घेणारा म्हणतो, कागद स्वच्छ आहे. वास्तविक तो उतारा घरपट्टी कोणाकडून घ्यावयाची एवढेच सांगतो. मालकीचा निवाडा त्याने होत नाही.

"बहिणीच्या लग्नास आम्ही खर्च केला, ती काही मागत नाही," हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकिले आहे. ती मागत नाही हे खरेही असेल. पण जिला कोणी विचारलेच नाही, तिचे मौन म्हणजे संमती कशी? समजून उमजून तिने आपला हक्क सोडला व तसे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले, तर ती तिची उदारता होय. तिच्या अंगची उदारता भावांनी परस्पर दाखवावी, हा प्रकार निराळा.

येथे घेणारा विचारील की, त्यांच्या घरचा न्याय करणारे आम्ही कोण? आम्ही नाही म्हटले तर दुसरा कोणी घेईल. ह्या प्रश्नात तथ्य आहे. रोजंदारीतून १० वर्षे पैसा साठविणाऱ्याने परक्या कुटुंबातील प्रत्येक रुसवा सोडवावा असे आम्ही म्हणत नाही. सही करणाऱ्या बहिणीच्या मनात माहेर तुटण्याचे भय किती आणि प्रीती किती, हे त्यास तोलता यावयाचे नाही. परंतु विसार देण्यापूर्वी तिच्या गावी जाऊन, भावांस बाजूस ठेवून, "बाई, हे घर आम्ही घेत आहो; तुमचा वाटा तुम्हांस मिळाला काय?" एवढे विचारणे त्याच्या हातचे आहे. एसटीचे भाडे घराच्या किमतीपुढे काय मोठे? शिवाय वारसांपैकी दोघांनीच विकले, तर घेणाऱ्यास त्या दोघांचाच हिस्सा मिळतो.

खरेदीखतात किंमत कमी लिहिण्याची चाल ह्याच पापाची भावंड आहे. ९ लक्ष देऊन ६ लक्ष लिहिले म्हणजे सरकारच बुडाले असे लोक समजतात. वरच्या मुलीचा वाटा त्या लेखी आकड्यावर मोजला की तिचे २ लक्ष सुमारे १ लक्ष ३३ हजारांवर येतात. यिर्मयाने अनाथोथ येथील शेत घेतले तेव्हा १७ शेकेल रुपे साक्षीदारांसमोर तोलून दिले, व खताची एक मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन प्रती ठेविल्या. आज ते काम बँकेतील धनादेशाने होते.

विकणाराच्या अज्ञानाविषयीही दोन शब्द. घराचे परसही आपलेच आहे हे त्यास ठाऊक नाही, आणि मालमत्ता पत्रक वाचून तुम्हांस कळले, तर ते त्यास सांगणे तुमचे कर्तव्य आहे; मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ ह्याच्या ५५ व्या कलमातही तसेच आहे. गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाल्यापासून अशी पत्रके पुष्कळ गावी मिळू लागली आहेत. जेथे मिळेल तेथे ते काढावे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागील ३० वर्षांचा शोधही घ्यावा. कोठे गहाण, कोठे जुनी वाटणी, हे तेथे उमगते.

आणि बहीण "माझा वाटा मिळाला नाही" असे म्हणाली, तर? तर खत थांबवावे. तिचे नाव विकणारांत घालावे, तिच्या वाट्याचा धनादेश तिच्याच नावे काढावा. भाऊ ह्यास कबूल होतील तर महिनाभर उशीर होईल. कबूल न होतील तर पुढच्या आळीत दुसरे घर पाहावे, मग त्याची विहीर थोडी लांब असली तरी.