आधी पूर्वपक्ष

काशीच्या शास्त्रार्थात एक शिस्त असे. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडायचे तर आधी ते आपल्या तोंडाने, शक्य तर त्याच्याहून नीट, मांडून दाखवायचे. हा पूर्वपक्ष. तो लंगडा मांडला, तर पुढचे खंडन कितीही जोरदार असो, सभा ते मोजत नसे. अर्थात त्या सभेत बसायला कोणाकोणाला मिळे, हे कबीर आणि रविदास यांच्याही याच गावाला विचारावे. पण समोरच्याचे पुरते ऐकून मगच त्याला जाब विचारायचा, ही रीत इथे मुरलेली होती. सरकारला प्रश्न विचारण्याच्या कामी ती कशी आली, हे शोधू लागले की दोन मराठी माणसे भेटतात. नात्याने मामा-भाचे. एकाने बंगालीत लिहिले, दुसऱ्याने हिंदीत. म्हणून आपल्याकडे त्यांची आठवण तशी कमीच.

मामा सखाराम गणेश देउस्कर. घराणे मूळचे कोकणातले, जन्म देवघरजवळचा. 1904 मध्ये त्यांचे ‘देशेर कथा’ प्रसिद्ध झाले. तो काळ आकड्यांच्या भांडणाचा होता. माणशी वार्षिक उत्पन्न किती? दादाभाई नौरोजींनी 1870च्या सुमारास 20 रुपये काढले होते. सरकारने 1882 मध्ये 27 सांगितले आणि 1901 मध्ये लॉर्ड कर्झन 30वर गेले. म्हणजे प्रजा सुखात. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रजानेच हिशेब मांडला, तो 17-18 रुपयांच्या आसपास आला. देउस्करांनी नौरोजी, डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांची ही मांडणी घराघरांत कळेल अशा बंगालीत आणली. विणकर का बसला, शेतकरी कर्जात का बुडाला, दुष्काळ पुन्हा पुन्हा का येतो, हे त्यांनी बरेचसे सरकारी कागदांतूनच दाखवले. प्रतिपक्षाच्याच तोंडचे शब्द घेऊन केलेला हा पूर्वपक्ष. आकडे खोडणे अवघड होते, कारण पुष्कळसे सरकारचेच. 1910 मध्ये सरकारने पुस्तकावरच बंदी घातली.

त्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद करणारे भाचे म्हणजे बाबूराव विष्णु पराडकर. जन्म 1883चा, काशीतला, वडील शास्त्री. कलकत्त्यात ‘हिंदी बंगवासी’, ‘हितवार्ता’, ‘भारतमित्र’ अशी पत्रकारिता केली. 1916 मध्ये क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून पकडले गेले आणि साडेतीन वर्षे नजरकैदेत राहिले. सुटून काशीला आले, तेव्हा शिवप्रसाद गुप्त ‘आज’ हे दैनिक काढायच्या तयारीत होते. 5 सप्टेंबर 1920ला ते निघाले आणि पुढे पराडकर आणि ‘आज’ ही नावे एकत्रच घेतली जाऊ लागली.

मामाला निदान पुस्तक छापता आले होते. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहाबरोबर मुद्रणाचा वटहुकूम आला. जामीन भरा, नाहीतर छापखाना जप्त. भीती आता छापखान्याच्या दारात उभी होती. पूर्वपक्ष मांडायलाच जागा उरली नाही, तर काय करायचे? पराडकरांनी दोन उत्तरे दिली. पहिले ‘आज’च्या पानावर. अग्रलेखाची जागा रिकामी, तिथे एकच वाक्य. त्याचा आशय असा की देशाचे दारिद्र्य, लाठ्या आणि भरलेले तुरुंग पाहून देशभक्ताच्या मनात जे अहिंसक विचार येतील, तोच आमचा अग्रलेख. अग्रलेख लिहायचे काम वाचकावर सोपवले. त्याच्या मनातल्या मजकुराचा जामीन कोण मागणार?

दुसरे उत्तर ‘रणभेरी’. सायक्लोस्टाइलवर काढलेले गुप्त पत्रक. मेणकागदावर टोकदार लेखणीने अक्षरे खरवडायची, शाईचा रूळ फिरवायचा, एकेक कागद काढायचा. पोलीस गल्ली शोधत आले की यंत्र दुसऱ्या घरी. काशीच्या अरुंद गल्ल्या त्या कामी आल्या.

इथवर समोर परके सरकार होते. पराडकरांची नजर त्यापलीकडेही गेली होती. 1925 मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी बजावले होते की पुढची वृत्तपत्रे देखणी, सचित्र, सुबक असतील, पण संपादकाची स्वतंत्रता ओसरेल. पैसेवाल्यांशिवाय ती चालवता येणार नाहीत. तोंड दाबायला दर वेळी परका अधिकारी लागत नाही, हे त्यांनी स्वराज्याच्या बावीस वर्षे आधी ओळखले होते.

आपल्या सरकारला जाब विचारणे परक्यापेक्षा कठीण, हे आपण आणीबाणीत पाहिले. डिसेंबर 1975मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले. आजाऱ्यासाठी प्रार्थना, त्यात आक्षेपार्ह काय? पण सभेला जे कळायचे ते कळले. ‘आज’चा रिकामा रकानाच जणू कृष्णाकाठी उमटला. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

आता पुन्हा काशीकडे. मार्च 2020, टाळेबंदीचे पहिले दिवस, सगळ्यांच्याच मनात धास्ती. वाराणसी जिल्ह्यातल्या कोइरीपूरच्या मुसहर या दलित समाजाच्या वस्तीत मुले गवत खात आहेत, अशी बातमी ‘जनसंदेश टाइम्स’ने छापली. जिल्हा प्रशासनाने वृत्तपत्राला नोटीस धाडली: ते गवत नव्हे, अकरी आहे, खंडन छापा.

शिस्तीप्रमाणे प्रशासनाचा पूर्वपक्ष नीट मांडू. अकरी गव्हाच्या शेतात उगवते, तिच्या शेंगांत डाळीसारखे दाणे असतात, मुले त्या खातातही. भीतीच्या दिवसांत चुकीचा शब्द लोकांना आणखी घाबरवू शकतो, म्हणून तो तपासायलाच हवा. हे सगळे मान्य. मग उरतो एकच प्रश्न: त्या घरांत त्या दिवशी चूल पेटली होती का? विचारले होते भुकेबद्दल, उत्तर आले वनस्पतिशास्त्रातले. देउस्करांनी 1904 मध्ये विचारलेलाही, आकडे बाजूला केले तर, हाच प्रश्न होता.

त्या बातमीनंतर वस्तीत शिधा पोहोचला. एकाच बातमीला सरकारने दिलेली ही दोन उत्तरे: वृत्तपत्राला नोटीस आणि वस्तीला शिधा. काशीची जुनी सभा बसली असती, तर यातले कोणते तिने मोजले असते?