निष्कारण प्रवास

प्रवासाला कारण हवे, असे मानणाऱ्यांच्या गावात मी राहतो. भुसावळ म्हणजे जंक्शन. येथून एक रूळ नागपूरकडे जातो, दुसरा इटारसीकडे. आणि गाडीतला जो तो कशासाठी तरी निघालेला. कोणी नोकरीवर, कोणी लग्नाला, कोणी मौतीला. आषाढीला कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, ती पायपीटही सहेतुकच. मग नुसते हिंडण्यासाठी चार पैसे खर्चून घराबाहेर पडणे ही उधळपट्टी म्हणावी, की माणसाचा हक्क?

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. इगतपुरीला गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन ते उलट फिरत. घाटाखालचा समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नाही. घरात पास होता, पण "तिथं आपलं काय काम?" असे ते म्हणत. या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर ते अजून पुरते सापडलेले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड असे रमतगमत गेलो. रेवदंड्याला अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. पंधराव्या शतकात हा गृहस्थ चौल बंदरात उतरला, तो विकायचा घोडा घेऊन. जुन्नरच्या खानाने घोडा हिसकावला, तो पुढे परत मिळाला आणि अखेर बीदरला विकला गेला. परतताना इराणमार्गे तो काळ्या समुद्रावरच्या त्रब्झोनला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात पोचला; तेथे हेर समजून लोकांनी त्याचे सामान लुटले. घर गाठण्यापूर्वीच तो वारला. ज्या कामासाठी निघाला, त्यातले काही उरले नाही. उरले ते त्याचे टिपण: इकडची माणसे काय खातात, कशी नेसतात, कोणत्या देवाला जातात. व्यापाराच्या दृष्टीने निव्वळ रिकामटेकडेपणा! मला तर वाटते, काम असलेला माणूस कामापुरतेच बघतो. निकितिनला निदान रिकामे डोळेही होते.

परंतु येथे एक अडचण आहे. माझा रिकामपणा कोणाच्या तरी कष्टावर तरंगत असतो. इस्तंबूलला युरोपातून आशियात जाणाऱ्या बोटीत म्हणे एक जण पक्ष्यांना पाव टाकत मौज पाहतो, आणि शेजारचा दमून घरी निघालेला असतो. बोट एकच. आमच्या राजपुरीच्या धक्क्यावरही तेच. जंजिऱ्याला नेणारी शिडाची होडी भरेपर्यंत सुटत नाही. पावसाळ्यात तर ती बंदच. नावाड्याची कमाई काय ती याच दिवसांत. याच पाण्यात १६८२ साली संभाजीमहाराजांनी किल्ल्यापर्यंत सेतू बांधू पाहिला होता. त्यांना घाई असणे समजू शकते. पण सुटीवर आलेले आम्ही पन्नास जण "सोड लवकर, उशीर होतोय," म्हणून ओरडत होतो! कसला उशीर? हिंडायला कारण नको, हे मी मान्य करीन. मात्र ज्याला काम नाही, त्याने काम करणाऱ्याला घाई करू नये, एवढे तरी भाडे त्याने द्यावे.

परतताना हिने नावाड्याला विचारले, "दादा, तुमची दिवाळी केव्हा?"

"तुम्ही लोक गेलात की," तो हसून म्हणाला.

हिने डबा उघडून त्याच्यापुढे करंज्या धरल्या. एका हाताने सुकाणू सांभाळीत तो खाऊ लागला. होडी जरा रेंगाळली. मागून कोणीतरी अजून किती मिनिटे म्हणून विचारले. त्याने तोंडातला घास संपवून मग उत्तर दिले.