परके स्वयंपाकघर

परदेशी शिकायला गेलेल्या माणसाला बसणारा सांस्कृतिक धक्का ही कल्पना रूढ होण्यात मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्या १९६० सालच्या लेखाचा मोठा वाटा आहे. कोणाशी हात मिळवायचा, आमंत्रण केव्हा नाकारायचे अशा बारीकसारीक खुणांवर माणसाचा रोजचा व्यवहार चालतो. त्या एकाएकी निरुपयोगी ठरल्या की मन बावचळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भिवंडीसारख्या गावातून स्पॅनिश भाषिक देशात जाणाऱ्या विद्यार्थ्याची अडचणही व्याकरणापेक्षा या खुणांमध्येच जास्त असते.

पहिली खूण घड्याळाची. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊ-दहाच्या सुमारास होते. याला आळस म्हणणे अज्ञानाचे आहे. हा देश ग्रिनिचच्या रेषेच्या आसपास वसलेला असूनही १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत त्याची घड्याळे तासभर पुढे केली गेली, ती तशीच राहिली. सूर्याच्या हिशेबाने तिथले जेवण घड्याळात दिसते तितके उशिराचे नसते. सरकारी वेळ आणि सूर्याची वेळ यांचा तंटा मुंबई परिसराला नवा नाही. भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होती. दुपारी लहान दुकाने बंद होतात, याचे नवल पुण्यात राहिलेल्या माणसाला तर वाटायलाच नको. यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळीवर जिथे जेवणखाण बेतलेले असते, त्या भिवंडीच्या मुलाला मात्र दुपारचा तो शुकशुकाट खायला उठतो.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. ‘मांस नको’ असे सांगितल्यावरही मसुराच्या आमटीत डुकराच्या मांसाचे सॉसेज निघते आणि साध्या कोशिंबिरीवर ट्यूना मासा पसरलेला असतो. वाढणाऱ्याने फसवलेले नसते; तिथल्या अनेकांच्या लेखी मांस म्हणजे ताटातला मोठा तुकडा, हे बारीकसारीक घटक त्यात धरले जात नाहीत. शाकाहारी मराठी मुलगी आणि हलाल पाळणारा भिवंडीचा मोमीन मुलगा, दोघांची अडचण इथे एकच. मेक्सिकोत घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, पण मक्याची तोर्तिया आणि मिरची यांमुळे ताट निदान ओळखीचे वाटते. आपली मिरची, बटाटा, पेरू आणि चिकू अमेरिका खंडातूनच आले. १७३९ पर्यंत शेजारच्या वसईत असलेल्या पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दींनीच त्यातले बरेच काही इकडे आणले.

भेटताना गालाला गाल लावण्याची रीत, प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारणे, या गोष्टींना आठ-पंधरा दिवसांत सरावता येते. आडनावाचा घोळ जास्त चिवट असतो. स्पॅनिश रिवाजात नावापुढे दोन आडनावे येतात, बहुधा आधी वडिलांकडचे, मग आईकडचे. लग्नानंतर बाई आपले आडनाव सहसा बदलत नाही. मराठी माणसाचे तीन शब्दी नाव तिथला कारकून याच पद्धतीने वाचतो. परिणामी म्हात्रे किंवा पाटील मागे पडते आणि वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते. आईचे आडनाव विचारणारा रकाना कोरा ठेवताना मात्र काही मुलांना प्रथमच जाणवत असेल, की आपल्या कागदांवर तिच्या माहेराला जागाच नव्हती.

या वाटेवरचे जुने मराठी उदाहरण वर्ध्यात जन्मलेल्या डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागला, मक्यावरचे संशोधन त्याने स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारल्या. दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात ते दिसतात. परतीची वाट इंग्रज सरकारने बंद केलेली असल्याने तिथल्या लोकांत मिसळण्याखेरीज त्यांना फारसा पर्यायही नव्हता.

आजच्या विद्यार्थ्याला पर्याय आहे आणि तोच नडतो. भिवंडीचे मूल मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी कानावर घेत वाढते. त्यामुळे परक्यांची त्याला सवय असणार, असे गृहीत धरले जाते. हे अर्धेच खरे आहे. पद्मनगरचे तेलुगू विणकर, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, कोकणी मुसलमान, आगरी यांचा व्यवहार एकत्र चालतो, पण वस्त्या बऱ्याच अंशी वेगळ्या, मुलांच्या शाळांची माध्यमे वेगळी. परक्याच्या भाषेत भाव करणे हे मूल शिकते, परक्याच्या चुलीपाशी बसणे नव्हे. म्हणून ते माद्रिदच्या बाजारात अडखळत नाही, घरमालकिणीच्या जेवणाच्या टेबलावर अडखळते. मग तीन-चार भारतीय मिळून खोली घेतात, आठ वाजता वरणभात शिजतो आणि भिवंडीचा मोहल्ला परदेशात जसाच्या तसा वसतो.

तेव्हा निदान पहिले सत्र तरी स्थानिक कुटुंबात राहावे. जाण्याआधीच डुकराचे मांस, ट्यूना, चरबी अशी एकेक वस्तू नावानिशी लिहून ‘हे चालत नाही’ असे कळवावे, आणि बाकी सगळे त्या घराच्या वेळेवर सोडावे.